अब्राहामाचं वचन आणि मास्तरांचा पटका

मास्तर देवळात पटका काढत नसत, यावरून अकोल्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत जेवढी भांडणं झाली, तेवढी बाप्तिस्म्याच्या पाण्यावरूनसुद्धा झाली नसतील. मिशनच्या गोऱ्या साहेबांचं म्हणणं असं की पुरुषानं देवापुढे उघड्या डोक्यानं उभं राहावं, तशी पौलाची आज्ञाच आहे. त्यावर मास्तरांचं उत्तर ठरलेलं.

"पौलाच्या गावी तशी रीत असन, साहेब. आमच्या वऱ्हाडात डोकं उघडं करतेत ते मयताले. नाही तं तोंड काळं झाल्यावर. आयतवारी माह्या घरी कोन मेलं ते सांगा, मंग काढतो."

एकदा साहेबही इरेला पेटले. म्हणाले, "मास्तर, आपला प्रभू मरण पावला, हे पुरेसे नाही काय?"

"अन् तिसऱ्या दिवशी उठला की! सुतक तवाच फिटलं."

साहेब लालबुंद झाले, पण हसू त्यांनाही आवरेना. तेव्हापासून पुरुषांच्या बाजूला, खिडकीजवळच्या बाकावर, उघड्या डोक्यांच्या रांगेत मास्तरांचा तो भलाथोरला पांढरा पटका दर रविवारी दिसे. मागे बसणाऱ्यांना साहेबांचं तोंड दिसत नसे, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

मी नगरकडचा. आमचे आजोबा ख्रिस्ती झाले, त्यामुळे बाकावर बसणं, सुरात गाणं, हळू बोलणं हे सगळं मला घरातूनच आलेलं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि अकोल्याच्या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा आईनं परदेशी चाललो असल्यासारखी शिदोरी बांधून दिली. इथली बोली कानाला आधी भांडणासारखीच वाटे. त्यात शाळेशिवाय मला काम मिळालं ते मास्तरांबरोबर उपदेशाला जाण्याचं: बाजाराच्या दिवशी छकड्यातून बार्शीटाकळीला जायचं, भाजीच्या रांगेत उभं राहायचं, मास्तर गोष्ट सांगतील तेव्हा मी झांज वाजवायची. खरं सांगतो, मला त्या झांजेची लाज वाटे, छकड्याची लाज वाटे, आणि सगळ्यांत जास्त मास्तरांची लाज वाटे. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. भर बाजारात ओरडत, "ओ नगरवाले! झांज झोपली का?" आणि सगळा बाजार माझ्याकडे बघून हसे.

मास्तरांना विषय एकच येत होता. देवानं अब्राहामाशी केलेला करार. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते अब्राहामापाशी जात, कुणाची गाय हरवली तरी अब्राहामापाशी. मंडळीतली चावट पोरं पाठीमागे त्यांना अब्राहामाचा मुनीम म्हणत. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना भारी आनंद झाला.

अमरावतीला खेड्यापाड्यांतल्या उपदेशकांचा वर्ग भरे. तिथं जुना करार शिकवायला मास्तरांना बोलावत. तो वर्ग मी पाहिलाय. अब्राहामानं जनावरं मधोमध कापली, तुकडे समोरासमोर मांडले, आणि रात्री त्या तुकड्यांच्या मधून अग्नी चालत गेला, एवढी गोष्ट सांगून झाली की मास्तर थांबत आणि सगळ्यांकडे डोळे वटारून पाहत.

"आपल्या इकडं शपथेले बेलभंडार उचलते तं कोन उचलते?"

"दोघं," वर्ग म्हणे.

"दोघं! देनारा बी अन् घेनारा बी. हिथं? हिथं अब्राहाम घोरून राहिला, बाप्पा! अन् देव एकटाच मधातून गेला. मधातून जाईन त्यानं करार मोडल्यावर असंच कापून घ्याचं, ही तवाची रीत. म्हंजे करार मोडला तं कापून घ्याची पाळी कोनाची?"

"देवाची."

"अन् मोडला कोनं?"

"आपण."

"अन् कापल्या कोन गेला? वधस्तंभावर कोन कापल्या गेला, सांगा!"

सगळा वर्ग एका सुरात "ख्रिस्त" म्हणे आणि मास्तर मांडीवर थाप मारत. "हाव! याले म्हनतेत पूर्ती. अब्राहामाले देलेलं वचन तिथं पुरं झालं. आता ते वचन आपापल्या घराच्या खुंटीले टांगू नोका. माह्या मशीले दूध येईन का, माह्या पोराले नौकरी लागन का, असं त्याले इचारू नोका. ते लय मोठं वचन हाये. साऱ्या जगाले पुरलं, तवा तुमाले पुरलं."

हे त्यांचे शब्द मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढं काय झालं ते कळायला तेच लागतात.

मास्तर जातीनं माळी. एलिचपूरकडे, म्हणजे आपल्या अचलपुरात, त्यांच्या वडिलांचा संत्र्याचा बगीचा होता. बाप्तिस्मा घेतल्यावर वडिलांनी बगीच्याच्या कुंपणातून आत येऊ दिलं नाही. त्याबद्दल ते कधी बोलत नसत, पण रस्त्यात कुणाचंही संत्र्याचं झाड दिसलं की खोड चाचपायचे, पान उलटून पाहायचे, मालक असो नसो. पौलावर त्यांचा राग होता तोही झाडावरूनच. पौल लिहितो, रानटी जैतुनाची फांदी चांगल्या जैतुनावर कलम केली, तसे परजातीय लोक देवाच्या प्रजेत जोडले गेले. मास्तर म्हणत, "उलटं! आमी काय करतो? रानातल्या आंबट जांबेरीच्या खुंटावर गोड संत्र्याच्या कोंबाचा डोळा बांधतो. यानं गोड खुंटावर रानटी बांधला. आमच्या बुढ्यानं याले बगीच्यातून हाकलून देला असता." अमरावतीला एक मोठे पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर उभं राहून मास्तरांनी विचारलं होतं, की पौलानं जन्मात कधी बगीचा पाहिला होता का. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग जरा वेळानं मास्तर स्वतःशीच हसले आणि म्हणाले, "पन त्यालेबी ठाव व्हतं, बरं का. रीत सोडून केलं असं तोच म्हनते. आपन रानटी डोळे, अन् तरी बांधलं आपल्याले."

आणखी एक खोड. मास्तर कधी कुणाला शब्द देत नसत. "उद्या येता ना?" तर "पाहू." "कपडे शिवायला टाकले ते घेऊन जाल ना?" तर "पाहू." शिंप्यापासून साहेबांच्या खानसाम्यापर्यंत सगळे त्या 'पाहू'ला वैतागलेले. बरं, काम चुकवत होते म्हणावं तर तसंही नाही. उद्या सगळ्यांच्या आधी हजर! पण 'येतो' म्हणायचं नाही. मी एकदा चिडून विचारलं तर म्हणाले, "वचन द्याचं काम देवाचं. पुरं कराचं बी त्याचंच. मानसानं आपलं पाहू म्हनाव अन् हातपाय हालवाव."

आता बार्शीटाकळीची गोष्ट.

भाजीच्या रांगेत बसणाऱ्या बहुतेक माळणी. त्यांच्यापुढं मास्तर अब्राहामाची नाही, त्याच्या बायकोची, सारेची गोष्ट सांगत. म्हातारपणी तुला मुलगा होईल असं देवदूत सांगून जातात आणि सारा तंबूच्या आड उभी राहून हसते, ती जागा आली की मास्तर पटक्याचा शेव सोडून पदरासारखा डोक्यावरून घेत, कंबरेत वाकत, आणि म्हातारीच्या आवाजात खुदुखुदु हसत. "आता या वयात कायचं लेकरू, बाई!" बायका पोट धरधरून हसत. मी झांज छातीशी धरून खाली बघत असे.

रांगेच्या शेवटी, निंबाखाली, एक तरणी बाई वांगी आणि सांभार घेऊन बसे. आमच्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात त्याला इथं सांभार म्हणतात. शेजारी तिची सासू कांद्याचा ढीग लावून. बाईला लग्न होऊन बरीच वर्षं झालेली, मूल नव्हतं. हे सगळ्या रांगेला ठाऊक होतं, तसं आम्हालाही झालं.

एका बाजारी गोष्ट संपली आणि तिनं मान वर करून विचारलं, "मास्तर, तुमच्या देवानं त्या बुढीले देलं. मले देईन का?"

रांगेतल्या माना वळल्या. सासूचा तराजू हातात तसाच राहिला. उत्तर मास्तरांना तोंडपाठ होतं. अमरावतीच्या वर्गात ते ओरडून ओरडून सांगत तेच. मी मनात म्हटलं, निदान 'पाहू' तरी म्हणतील. मास्तरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "देईन."

परत येताना छकड्यात मला राहवलं नाही. म्हटलं, "मास्तर, ते वचन अब्राहामाला होतं."

मास्तरांनी पटका नीट बसवला. मग ते म्हणाले, "तिनं इचारलं तवा अब्राहाम तिथं नव्हता, बाप्पा. मी व्हतो."

त्यानंतर दर बाजारी ती विचारी, "मास्तर, कवा?" रागानं नाही, टोमणाही नाही. गाडी किती वाजता येते असं विचारावं तसं. मास्तर म्हणत, "वाट पाय, बाई. सारेनं किती वाट पायली." मग ती सांभाराची एक जुडी त्यांच्या पिशवीत टाकी.

एक पावसाळा गेला, दुसरा गेला. मास्तर कानकोंडे व्हायला लागले. आधी निंबापासून सुरुवात करत, ते दुसऱ्या टोकापासून करायला लागले. निंब जवळ आला की आवाज बसे. सारेला टाळून ते योनाची आणि माशाची गोष्ट सांगायला लागले, तर हीच लांबून ओरडे, "सारेचं सांगा नं, मास्तर! सवत आनली तं काय झालं ते सांगा!" म्हणजे हागारेचा भाग. वचनाला उशीर होतोय म्हणून सारेनं स्वतःच नवऱ्याला दुसरी बायको करून दिली आणि घरात आग लागली, तो. तो भाग तिला फार आवडे. मोठ्यानं सांगा म्हणे, पुन्हा सांगा म्हणे. मला वाटे, बायकांना भांडणाची गोडी. मास्तर मान खाली घालून सांगत. ज्या माणसानं साहेबांपुढं मान खाली घातली नाही, त्यानं एका माळणीपुढं घातलेली पाहून मलाच ओशाळं वाटे.

गोष्ट बंगल्यापर्यंत गेली ती मडमेमुळे. बार्शीटाकळीच्या दोन बाया नारळ आणि खण घेऊन अकोल्याला बंगल्यावर आल्या आणि मडमेला म्हणाल्या, तुमचा देव लेकरू देतो म्हणतात, त्याला कुठं नारळ फोडायचा? साहेबांनी मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी मला बरोबर नेलं.

"मास्तर," साहेब म्हणाले, "आपण त्या स्त्रीस देवाच्या नावाने अभिवचन दिले, हे खरे काय?"

"हाव."

"ते अभिवचन ख्रिस्तामध्ये पूर्ण झाले आहे. आपणच हे इतरांस शिकविता. ते बाजारात वाटण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?"

मला वाटलं आता पटक्यासारखी जुंपणार. पण मास्तर व्हरांड्याच्या पायरीवर उभ्या उभ्या लहान झाले. म्हणाले, "चुकलो, साहेब. माह्यापायी देवाचं नाव खोटं पडून राहिलं." साहेबांचा आवाजही मऊ झाला. तिला नीट समजावून सांगा, प्रेमानं सांगा, एवढंच ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो.

तिला एकटीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण मास्तरांनी ठरवलं, साऱ्या रांगेसमोर शब्द दिला, तर साऱ्या रांगेसमोरच परत घ्यायचा. मलाही ते अगदी पटलं. मनात म्हटलं, शाबास! असा पाहिजे ख्रिस्ती माणूस.

त्या बाजारी मास्तरांनी झांज वाजवू दिली नाही. सरळ निंबाखाली गेले. बाई हसून म्हणाली, "मास्तर, आज कवा नाही इचारत. तुमचं तोंड काहून उतरलं?" मास्तरांनी दोन्ही हातांनी पटका उतरवला. एवढ्या वर्षांत मी त्यांचं डोकं पहिल्यांदा पाहिलं. रांगेतल्या बाया उठून उभ्या राहिल्या, गिऱ्हाइकं जमली. मास्तर खाली बसले आणि पटका तिच्या पायाशी, वांग्यांच्या पाटीजवळ ठेवला.

"बाई, तुले म्या जे सांगतलं व्हतं, ते देवाचं वचन नव्हतं. माह्या तोंडाचं व्हतं. देव खोटा नाही. खोटा मी."

मी मान ताठ करून साऱ्या रांगेकडे पाहिलं. अभिमानानं, दुसऱ्या कशानं नाही.

ती पटक्याकडे बघत राहिली. मग एकदा सासूकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "उचला."

"नाही, बाई, मले बोलू दे..."

"उचला नं, मास्तर. पाया पडतो तुमच्या. उचला अन् म्हना गंमत केली."

"गंमत कशी म्हनू? किती दिवस तुले खोटं..."

"मी मांगतलं का वापस?" तिचा आवाज एकदम फाटला. "कोनं मांगतलं? लेकरू नाही देलं तं नाही देलं! वचन तं राहू द्याचं व्हतं!"

सासू तोवर उठली होती. तिनं लुगड्याला हात पुसले आणि रांगेकडे वळून म्हणाली, "आयकलं नं सगळ्यायनं? मास्तर सोताच्या तोंडानं सांगून राहिले. मंग माह्याकडं पाप नाही."

बाईनं पटका उचलून मास्तरांच्या हातात कोंबला आणि ती पाटी भरायला लागली. वांगी भराभर, मोजल्या-निवडल्याशिवाय.

काय झालं ते आम्हाला समजलंच नाही. पलीकडे बसणाऱ्या एका मिरचीवालीनं सांगितलं. सासूनं तेल्हाऱ्याची एक पोरगी कधीची पाहून ठेवली होती, मुलासाठी दुसरी. दर वर्षी लग्नसराई आली की गोष्ट निघे, आणि दर वर्षी ही म्हणे, मले देवाचं वचन हाये, मास्तरायनं साऱ्या बाजारात देलं, वचनावर सवत आनली तं घर जळते, मास्तरायलेच इचारा. म्हातारीला भीती वाटे. देव कुणाचा का असेना, त्याच्या शब्दावर पाय द्यायला कोण धजावणार? म्हणून ती पोरगी तेल्हाऱ्याला तशीच राहिली होती. 'सवत आनली तं काय झालं ते सांगा' असं ही ओरडे, ते मास्तरांसाठी नव्हतंच. शेजारी कांदे तोलणाऱ्या बाईसाठी होतं.

मास्तर ऐकत उभे होते. पटका कसाबसा गुंडाळलेला, एक शेव पाठीवर लोंबत.

उन्हाळा सरला आणि एका बाजारी निंबाखाली सासूच्या शेजारी एक कोवळी पोरगी बसलेली दिसली. हातात हिरवा चुडा, समोर वांगी आणि सांभार. मास्तरांनी विचारलं, "मोठी सून कुठं हाये?"

"मळ्यात," म्हातारी म्हणाली. "पानी धरते. बाजारात कायले दोघी?"

"मी मळ्यात जाऊन भेटलो तं चालन का?"

"आता कायले, मास्तर? तुमचं काम झालं नं."

नव्या पोरीनं, तिला काय ठाऊक बिचारीला, सांभाराची जुडी पुढं केली. मास्तरांनी ती घेतली नाही. गोष्टही सांगितली नाही. आम्ही छकड्यात येऊन बसलो. गाव मागं पडल्यावर त्यांनी पटका उतरवला, घडी करून मांडीवर ठेवला, आणि बैलांच्या पाठीकडे बघत बोलले.

"मले वाटलं, नगरवाले, मी बी देवासारखा एकटाच मधातून जाऊन राहिलो. साऱ्या बाजारात म्हनलं, खोटा मी. लय बरं वाटलं मले, खोटं नाही सांगत. अन् कापल्या ती गेली."

मी मांडीवरची झांज पिशवीत टाकली. मलाही त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. आजही ते आठवलं की अंगावर घेतलेलं पांघरूण तोंडावर ओढावंसं वाटतं.

पुढच्या रविवारी मास्तर देवळात उघड्या डोक्यानं आले. चेहरा उन्हानं रापलेला आणि वर कपाळापासून सगळं पांढरंफटक टक्कल, पटक्याच्या कडेचा वळ उमटलेला. त्यांच्या त्या खिडकीजवळच्या बाकावर बसले. मागच्यांना पहिल्यांदाच साहेब स्वच्छ दिसले. कुजबुज झाली, पोरांनी एकमेकांना कोपरं मारली. साहेबांनी उपदेशासाठी पुस्तक उघडलं, वर पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. पुस्तक मिटून त्यांनी आधी प्रार्थनाच केली. म्हणाले, हे प्रभो, आमच्या वृद्ध बंधूचे अंतःकरण तू अखेर नम्र केलेस, इतक्या वर्षांची आमची विनंती ऐकलीस, यास्तव आम्ही तुझे आभार मानतो. सगळ्या मंडळीनं मोठ्यानं 'आमेन' म्हटलं. माझ्या तोंडातून ते निघेना. शेजारून मास्तरांचं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

उपासना संपली. दारात साहेब मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरून उभे होते, सोडतच नव्हते. आमच्या मंडळीतली एक म्हातारी, इथलीच, मूर्तिजापूरकडची, काठी टेकत बाहेर आली. ती मास्तरांपुढं थांबली, त्यांच्या डोक्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"अगा माय," ती म्हणाली, "मास्तर, कोन गेलं घरचं?"

"घरचं कोनी नाही गेलं, बाई," मास्तर म्हणाले. "तोंड काळं झालं."